चार्जिंगचा दिवा आणि बसलेली बॅटरी: अल्टरनेटर उतरवण्याआधी मीटर लावा

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक' होतं. धक्का मारून गाडी सुरू होते, दिवसभर चालते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो नवी बॅटरी टाकण्याचा. दोन महिन्यांत तीही बसली की दुसरा सल्ला, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदला. आणि शेवटी दोष सापडतो इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या गंजलेल्या अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणाऱ्या) पट्टीत. जुन्या गाडीत चार्जिंगची तक्रार आली की बेल्ट, जोड आणि अर्थ या तीन स्वस्त गोष्टी आधी निकालात काढायच्या; अल्टरनेटर खोलायची पाळी त्यानंतर. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एखाद तास पुरतो.

पुढचं सगळं कार्बोरेटरच्या जमान्यातल्या मारुती ८००, ओम्नी यांसारख्या गाड्या धरून लिहिलं आहे, म्हणजे रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) अल्टरनेटरच्या आतच असलेल्या. जुन्या ॲम्बेसेडरच्या डायनामोसाठी (अल्टरनेटरच्या आधीच्या डीसी जनरेटरसाठी) शेवटी वेगळा भाग आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयूच (इंजिनचा संगणक) चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो, त्यामुळे इथले आकडे त्यांना लावू नका.

हाताशी काय हवं

मल्टिमीटरवर २० व्होल्ट डीसी, एसी व्होल्ट, २०० ओहम, डायोड आणि १० अँपिअर एवढ्या रेंज असाव्यात. मीटरची स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर स्वस्त मीटर चढे आकडे दाखवतात, म्हणून ती आधी बदला. सोबत इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, वायर ब्रश, पॉलिश पेपर, १० आणि १२ नंबरचे पाने. बॅटरीची झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरही घ्या.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर तो क्षणात लाल होतो. ओढणी, सैल बाही बेल्टपासून दूर. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इग्निशन चालू असताना कधीही फिरू लागतो.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'गाडी बंद पडते का बघू'. ही युक्ती डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरमध्ये बॅटरीच व्होल्टेजची उसळी शोषून घेत असते. ती अचानक तुटली की क्षणभर अनेक पट व्होल्टेज उसळतं आणि डायोड (अल्टरनेटरच्या आतला एसी करंट डीसी करणारे), रेग्युलेटर, म्युझिक सिस्टीम, जे कच्चं असेल ते जातं. शिवाय गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ठीक, असंही नाही. अर्धमेला अल्टरनेटरही इग्निशनपुरता करंट देतो.

आधी बॅटरी

बसलेल्या बॅटरीवर चार्जिंगची चाचणी घेतली तर निष्कर्ष हमखास चुकतो, म्हणून सुरुवात इथून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता मोजा. गाडी नुकतीच चालली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि पाच-दहा मिनिटांनी मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. मीटरचे प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायचे, केबलीच्या टोकाच्या कडीवर, म्हणजे लगवर नाही. फरक पुढे कळेल.

१२.६ किंवा वर: पूर्ण भरलेली
१२.४: साधारण पाऊण
१२.२: निम्मी
१२.० च्या खाली: जवळजवळ रिकामी
१०.५ च्या आसपास: बहुधा एक सेल मेलेला

हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल मोजा. आपल्या गरम हवेसाठी भरलेल्या बॅटरीच्या ॲसिडची घनता १.२४० च्या आसपास असते. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नी खाली असेल तर ती बॅटरी गेली, चार्ज करून उपयोग नाही. पाणी ताजं घातल्या घातल्या मोजू नका, ते वरच तरंगतं.

मग ताण देऊन बघा. इग्निशन कॉइलची पॉझिटिव्हकडची बारीक वायर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. वायरीचं टोक बॉडीला टेकू देऊ नका. मीटर बॅटरीवर ठेवून दुसऱ्याला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. सात-आठवर आपटली तर बॅटरी दमली. उलट बॅटरीवर ११ दिसतायत आणि तरी सेल्फ रडत फिरतो, तर दोष जाड केबलीत, अर्थमध्ये किंवा सेल्फमध्येच. चार्जिंगचा काही संबंध नाही.

बॅटरी १२.२ च्या खाली असेल तर ती बाहेर चार्ज करा, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या करंटने: ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ३.५ अँपिअर. 'गाडी लांब पळवली की होईल चार्ज' हा सल्ला लहान अल्टरनेटरला महागात पडतो, कारण त्याला तासनतास पूर्ण ताकदीने राबावं लागतं आणि उन्हाळ्यात डायोड तापून जातात.

बेल्ट

सर्वात लांबच्या दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोर लावला की बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. इंजिन बंद असताना अल्टरनेटरचा पंखा बोटांनी ढकलून बेल्टवर घसरवता येत असेल तर तो ढिलाच आहे. पण ताण बरोबर असूनही बेल्ट घसरू शकतो. व्ही-बेल्ट पकडतो तो बाजूच्या दोन भिंतींनी, तळाने नाही. झिजून तो पुलीच्या तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. पुलीचा तळ घासून चकचकीत झालेला दिसतो. बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तरी बदला. लोड पडल्यावर, हेडलाइट लावून रेस दिल्यावर येणारी किंकाळी याचीच. त्यावर साबण घासणं किंवा तेल टाकणं म्हणजे दोन दिवसांचा आराम आणि बेल्टचा शेवट.

जास्त ताणणंही नको. त्याने अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंप दोन्ही जातात. मारुती ८०० मध्ये एकच बेल्ट दोघांना फिरवतो, त्यामुळे चालत्या गाडीत चार्जिंगचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला तर बेल्ट तुटला असं समजा आणि तिथेच थांबा. दिवा एकटाच लागला तर दिवसाउजेडी, बॅटरी भरलेली असल्यास, घरापर्यंत जाता येतं. बेल्ट तुटल्यावर मात्र इंजिन काही मिनिटांत तापतं.

दिवा काय सांगतो

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा नुसता इशारा देत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीला) सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. चावी फिरवली की बल्बच्या एका बाजूला इग्निशनचे १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला एल (लॅम्प) टर्मिनलमार्गे अल्टरनेटर. करंट वाहतो, दिवा लागतो, रोटर चुंबक बनतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर उत्पादन करू लागला की दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. हे एकदा डोक्यात बसलं की दिव्याच्या प्रत्येक वागण्याचा अर्थ लागतो.

चावी चालू, इंजिन बंद, तरी दिवा लागतच नाही: बल्ब उडाला, मीटरचा फ्यूज गेला, एलची वायर तुटली किंवा अल्टरनेटरचे कार्बन (रोटरला करंट पोहोचवणारे ब्रश) झिजले. असा अल्टरनेटर कधी कधी एकदा जोरात रेस दिल्यावर जागा होतो, कारण रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. 'रेस दिली की चार्जिंग सुरू होतं' अशी तक्रार आली तर आधी हा बल्ब बघा.

दोष गाडीच्या वायरिंगचा की अल्टरनेटरचा, हे इथेच ठरवता येतं. अल्टरनेटरचा कपलर (बारीक वायरींचा प्लग) काढा, चावी चालू करा आणि टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावून दुसरं कपलरच्या एकेका पिनला लावा. आयजीच्या (इग्निशनच्या) पिनवर टेस्ट लॅम्प लख्ख पेटेल. एलच्या पिनवर तो जेमतेम तापेल आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागेल. डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर वायरिंग निर्दोष, दोष अल्टरनेटरच्या आत आहे. इथे मल्टिमीटर फसवतो. त्याला करंट लागत नसल्याने दोन्ही पिनांवर १२ व्होल्टच दिसतात. आणि टेस्ट लॅम्पऐवजी थेट वायर बॉडीला टेकवली, ती चुकून आयजीची निघाली, तर फ्यूज उडतो.

इंजिन चालू असताना दिवा मंद जळतो: दोन्ही बाजूंना व्होल्टेज सारखं नाही. एक तर आतला एखादा डायोड गेला आहे, नाहीतर इग्निशन स्विच झिजून त्याच्या बाजूला व्होल्ट-सव्वा व्होल्ट कमी पोहोचतंय. रात्रीच दिसणाऱ्या अशा मंद दिव्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

चावी काढली तरी दिवा मिणमिणतो: पॉझिटिव्ह बाजूचा डायोड शॉर्ट. बॅटरी उलटी अल्टरनेटरमध्ये उतरते आहे. सकाळी गार इंजिनवर अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर खात्रीच. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढूनच गाडी उभी करा.

मुख्य माप

इंजिन गरम करून घ्या. मारुती ८०० मध्ये टॅकोमीटर नाही, तेव्हा आयडलच्या दुपटीहून थोडी जास्त रेस धरायला कोणाला तरी बसवा, म्हणजे साधारण २००० आरपीएम. लाइट, ब्लोअर बंद. बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आता हेडलाइटचा हाय बीम, ब्लोअर पूर्ण, वायपर, मागची काच तापवण्याची सोय असेल तर तीही लावा आणि त्याच रेसवर पुन्हा मोजा. १३.५ च्या खाली जायला नको.

पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट, हाच निकाल जुन्या गाड्यांत सर्वाधिक येतो, आणि तपासणारे मात्र पहिल्या आकड्यावरच थांबतात. लोडशिवाय एखादा डायोड गेलेला अल्टरनेटरही १४ दाखवतो. आयडलवर सगळं लावून १२.८-१३ दिसले तर लगेच घाबरू नका. लहान अल्टरनेटर आयडलला पूर्ण करंट देऊच शकत नाही.

दुसरा आकडा कमी आला किंवा १२.६ च्या वर काहीच सरकलं नाही, तर लगेच आत शिरू नका. इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या मागच्या जाड बी टर्मिनलवर मोजा. तिथे बॅटरीइतकंच व्होल्टेज हवं. शून्य आलं तर बॅटरीजवळची फ्यूजिबल लिंक (जादा करंटने वितळणारी फ्यूजसारखी वायर) उडालेली आहे किंवा जाड वायर तुटली आहे. उलट्या टोकांनी जोडलेली जंपर केबल हे लिंक उडण्याचं नेहमीचं कारण. हे टर्मिनल इंजिन बंद असतानाही जिवंत असतं. पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणग्यांचा फवारा.

व्होल्टेज कुठे अडकतं

इंजिन २००० वर, सगळं लोड चालू. मीटरचा लाल प्रोब बी टर्मिनलवर, काळा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत खाल्लं गेलेलं व्होल्टेज. ०.२ पर्यंत ठीक, ०.३ च्या वर गेला तर त्या वाटेत कुठेतरी खराब जोड आहे. मग एक प्रोब सरकवत या: नट, लग, फ्यूजिबल लिंकची दोन टोकं, बॅटरीचं टर्मिनल, शेवटी खुंट. आकडा ज्या दोन जागांच्या मध्ये उडी मारतो तिथे दोष.

मग अर्थची बाजू: लाल प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, काळा अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर. ०.१ च्या आसपास हवं, ०.२ च्या वर नको. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असल्याने त्याचा अर्थ फक्त विणलेल्या पट्टीतून किंवा जाड केबलीतून येतो. ती वरून अख्खी दिसते आणि बोल्टखाली हिरवा गंज असतो. कोकणात, किनाऱ्याला राहिलेल्या गाडीत ही पहिली जागा तपासायची. पट्टी पूर्ण गेली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी ॲक्सिलरेटरच्या, कधी क्लचच्या केबलीतून. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली किंवा आतून जाम झाली तर कारण हेच.

साफ करताना नुसता वरून ब्रश फिरवू नका. बोल्ट काढा, लगची दोन्ही पृष्ठं आणि बॉडीची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या खुंटांवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. नंतर पुन्हा तेच माप घ्या. इथे बऱ्याच गाड्यांची तक्रार संपते.

१५ च्या वर

व्होल्टेज १४.८ च्या पुढे स्थिर राहत असेल किंवा रेसबरोबर १५-१६ कडे चढत असेल तर हे कमी चार्जिंगपेक्षा धोक्याचं. बॅटरीचं पाणी दर पंधरवड्याला संपणं, सडक्या अंड्यांचा वास, हेडलाइटचे बल्ब वारंवार उडणं ही खूण. पाणी पुन्हा पुन्हा टाकत राहिलात तर मूळ दोष लपून राहतो.

सरसकट रेग्युलेटरवर ठपका ठेवू नका. काही अल्टरनेटरांत रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज आयजीच्या किंवा सेन्सच्या बारीक वायरीवरून वाचतो. इग्निशन स्विच आणि फ्यूजच्या जोडांत एक व्होल्ट अडकला तर त्याला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि तो तेवढाच जास्त मारतो. म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि कपलरमागची ती वायर यांच्यातला फरक मोजा. तो ०.२-०.३ च्या आत असेल आणि तरीही १५ दिसत असतील, तर रेग्युलेटर गेला. बाजारात त्याला कोणी आयसी म्हणतं, कोणी जुन्या सवयीने कटआउट.

डायोडची एसी चाचणी

मीटर एसी व्होल्टवर. आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर लावून पाहा. शून्य यायला हवं. काही स्वस्त मीटर इथे २५-३० दाखवतात, ते या कामाचे नाहीत. मीटर बरा असेल तर इंजिन २००० वर, हेडलाइट चालू ठेवून मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड प्लेट किंवा स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर गुंडाळी) संशयित. रेडिओत रेसबरोबर चढणारी शिट्टी ही त्याच दोषाची कानांना कळणारी खूण आहे.

चार्जिंग उत्तम, तरी सकाळी बॅटरी रिकामी

मग गाडी उभ्या उभ्या करंट खाते आहे. चावी काढा, दारं बंद करा, बॉनेटला दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. निगेटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरवर ठेवा, एक प्रोब केबलीला, दुसरा खुंटाला. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जुन्या गाडीत ०.०३ ते ०.०५ अँपिअर चालतं. ०.३ दिसत असेल तर हिशेब करा: दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ची बॅटरी तीन दिवसांत सेल्फ उचलणार नाही.

एकेक फ्यूज काढत जा; आकडा कोसळला तो सर्किट गुन्हेगार. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर बॅटरी पूर्ण सुटी करून बी टर्मिनलची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता शून्य आलं तर डायोड गळतोय. बाकी संशयित ठरलेले: मागाहून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, अलार्म, थेट बॅटरीवरून घेतलेली म्युझिक सिस्टीम आणि डिकीचा न विझणारा दिवा.

लोडचा हिशेब

कधी काहीच बिघडलेलं नसतं, मागणीच जास्त असते. पावसाळ्यातली रात्र आणि ट्रॅफिक घ्या: हेडलाइट ११० वॉट, बाकी दिवे ३०, ब्लोअर ९०, वायपर ५०, इग्निशन ४०, रेडिएटरचा पंखा ९०. बेरीज ४१० वॉट, म्हणजे १४ व्होल्टला सुमारे २९ अँपिअर. त्यात ५५ऐवजी ९० वॉटचे बल्ब घातले की आणखी ५ अँपिअर, वर ॲम्प्लिफायर. ३५-४५ अँपिअरचा अल्टरनेटर आयडलवर एवढं देत नाही, फरक बॅटरीतून जातो. अशा गाडीत अल्टरनेटर बदलून काही होत नाही; बल्ब मूळ वॉटचे करा.

आत काय बघायचं

इथवर सगळं तपासून दोष आतच आहे असं ठरलं, तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि मग अल्टरनेटर उतरवा. खोलण्याआधी दोन्ही झाकणांवर आडवी खूण करा, नाहीतर जोडताना माउंटिंगचे कान जुळत नाहीत.

कार्बन होल्डरबाहेर ५ मिलिमीटरहून कमी उरले असतील तर बदला. स्प्रिंगने ते सहज उसळायला हवेत. स्लिप रिंगवर (कार्बन ज्यांवर घासतात त्या रोटरच्या कड्यांवर) काळा थर असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. खोल चर पडले असतील तर नवे कार्बन फार टिकणार नाहीत. रोटर: दोन रिंगांच्या मध्ये साधारण २.५ ते ५ ओहम (मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून), आणि रिंग ते शाफ्ट काहीही जोड नको. स्टेटरच्या तिन्ही टोकांमध्ये एक ओहमच्या आत सारखा आकडा, बॉडीशी जोड नको. वार्निश जळाल्याचा वास आणि काळी पडलेली एखादी गुंडाळी नुसत्या डोळ्यांनाही कळते. प्रत्येक डायोड मीटरच्या डायोड रेंजवर एका दिशेने ०.५-०.६ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही म्हणजे ओपन.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल आत येऊन कार्बन चिकटतात. नुसते कार्बन बदलून महिन्याभरात तीच तक्रार परत येते. अल्टरनेटर काढलेला असताना अशी गाडी हलवू नका, ब्रेक दगडासारखा कडक लागतो.

ॲम्बेसेडरचा डायनामो

ल्यूकास पद्धतीच्या डायनामोवर दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि छोटं एफ, आणि रेग्युलेटर-कटआउट बॉनेटखाली वेगळ्या डब्यात (इथे कटआउट म्हणजे बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ न देणारा स्विच). दोष डायनामोत की डब्यात, हे ठरवण्याची जुनी चाचणी आजही उत्तम. दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ एका छोट्या वायरीने जोडा, मीटर त्या जोडापासून बॉडीला. इंजिन सुरू करून हळूहळू रेस द्या. व्होल्टेज न अडखळता चढत जायला हवं. २० च्या पुढे नेऊ नका, लगेच सोडा. काहीच आलं नाही तर कार्बन आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बघा. अर्धा ते एक व्होल्टच आलं तर फिल्ड कॉइल (स्थिर गुंडाळी), चार-पाचवर अडकलं तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी). नीट चढलं तर डायनामो निर्दोष, डबा आणि वायरिंग तपासा. डब्यातल्या कटआउटचे पॉइंट चिकटले असतील तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी डायनामोत उतरते आणि वायर जळते. अशा वेळी बॅटरी सुटी करायला निगेटिव्हकडे धावण्याआधी गाडीत कोणतं टोक अर्थ आहे ते बघा, कारण जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही सापडतो.

जुन्या विलीज जीपच्या अमेरिकन पद्धतीच्या डायनामोत फिल्ड उलट बाजूने जोडलेली असते. वरची डी-एफ चाचणी तिथे लावू नका.

डायनामो बराच काळ पडून असेल, दुरुस्त करून आला असेल किंवा बॅटरी उलटी लागली असेल तर बसवल्यावर त्याला पोलॅरिटी द्यावी लागते: एफची वायर काढा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावरून घेतलेली वायर डायनामोच्या एफला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल, तेवढं पुरे. मागच्या बुशला इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. जास्त घातलं तर तेच तेल कम्युटेटरवर जातं.

बसवताना

बॅटरी भरलेली लावा, निगेटिव्ह सर्वात शेवटी. बी टर्मिनलचा नट घट्ट आणि त्याचं रबरी टोपण जागेवर हवं. नवा बेल्ट पहिल्या दोनेकशे किलोमीटरमध्ये थोडा सैल होतो, तेव्हा पुन्हा ताणा. इलेक्ट्रिशियनकडून रिपेअर करून आणला असेल तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच दोन मापं घ्या: २००० आरपीएमवर लोडशिवाय आणि हेडलाइट-ब्लोअरसह. मग पंधरा मिनिटं गाडी चालवून, अल्टरनेटर पूर्ण तापल्यावर, तीच दोन मापं परत. हलक्या प्रतीचा रेग्युलेटर गार असताना १४.२ दाखवतो आणि गरम झाला की १३.२ वर बसतो.